सल्ला हवा: जुळे सोलापुरात ६ ते १० वयाच्या मुलांसाठी रग्बीचा पहिला हंगाम

जुळेसोलापूरकर
आमच्या भागातल्या मंडळात यंदा लहान मुलांना रग्बी शिकवायचं ठरलंय. २४ मुलंमुली आहेत, त्यातली आठ-नऊ शाळेत खो-खो किंवा कबड्डी खेळतात. शिकवणारे तिघे. मैदान काळ्या मातीचं, मधोमध सिमेंटची क्रिकेटची पट्टी. आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळतील. हंगाम कधी ते कधी ठेवावा? सामान काय आणि किती लागेल? आणि मुख्य प्रश्न, पकड म्हणजे टॅकल पहिल्याच वर्षी शिकवावी का?

मैदानकर
हंगाम जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. शाळा रुळलेल्या असतात, ऊन उतरलेलं असतं आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टचा पाऊस बेताचाच असतो. खरा जोर सप्टेंबरात. त्या महिन्यातली निम्मी सत्रं बुडतील असं धरूनच आखा, म्हणजे नंतर घाई होत नाही. सहामाही परीक्षा आणि दिवाळी यांची सुट्टी द्या आणि दिवाळीनंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंत खेळा. शेवटचा मेळावा शहरातल्या होम मैदानावर घ्यायचा विचार असेल तर आणखी पुढे ढकलू नका. सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी तिथे गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो आणि जानेवारीत ते मैदान खेळाला मिळत नाही.

वेळ मात्र बदलत न्या. जुलैत सात वाजेपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य मावळतो. जुलैतली साडेपाचची वेळ डिसेंबरात पावणेपाचवर आणावी लागेल.

सिमेंटची पट्टी खेळाच्या हद्दीत येताच कामा नये. बाजूच्या रेषेपासून किमान पाच मीटर लांब हवी, कारण पोरं रेषेवर थांबत नाहीत, वेगात बाहेर जातात. २४ मुलांसाठी मोठं मैदान लागतच नाही. १२ बाय २० मीटरचे तीन पट्टे आखा, प्रत्येकात चार विरुद्ध चार. तिन्ही पट्ट्यांत मिळून २४ जण खेळतात, कोणी बाहेर बसत नाही आणि तिघा शिक्षकांना एकेक पट्टा मिळतो. फक्त वयं मिसळू नका, सहाचं पोर दहाच्या पोरासमोर उभं करू नका.

खेळाआधी सगळ्या मुलांना हातभर अंतरावर एका ओळीत उभं करून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा. पावसाळ्यानंतर सराटे हमखास असतात. काचा, खिळे, बाभळीचे काटे तेव्हाच सापडतात.

नवारपट्टी
सामानाचं मी सांगतो.

चेंडू १२, म्हणजे दोघांत एक. ६ ते ९ वयाला ३ नंबर, दहाच्यांना ४ नंबर. मोठ्यांचा ५ नंबरचा चेंडू ४१० ते ४६० ग्रॅमचा असतो, तो लहान हातांत मावत नाही. मग मुलं एका हातानं छातीशी कवटाळतात, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो. रबरी, खरखरीत दाण्यांचा घ्या, गुळगुळीत चकाकता नको. मेरठ आणि जालंधरचे चेंडू चांगले मिळतात. मोठ्यांच्या सामन्यात हवा साडेनऊ ते दहा पीएसआय असते, मुलांसाठी थोडी कमी ठेवा, झेल हातात बसतो. सुई कोरडी घालू नका, ग्लिसरीनचा थेंब लावा, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो. सुया तीन जवळ ठेवा.

टॅगचे पट्टे ३०. टॅग म्हणजे कमरेच्या पट्ट्याला वेल्क्रोनं चिकटवलेली पट्टी, टॅग रग्बीत अंगाला पकडण्याऐवजी ती खेचायची. विकत मिळतात, पण गावात शाळेचे गणवेश शिवणारे इतके कारखाने असताना शिवूनच घ्यावेत. दीड इंची नवार, कमरेला ७० सेंटीमीटर आणि वर दहा सेंटीमीटर वेल्क्रोची जोड. टॅग ५ बाय ३८ सेंटीमीटर, प्रत्येक पट्ट्याला दोन, एक डाव्या आणि एक उजव्या कुशीवर. टॅग रेक्झिनचे करा. कापडी टॅग भिजला की मांडीला चिकटतो आणि हातात येत नाही. वेल्क्रोची मऊ बाजू नवारीवर आणि काटेरी बाजू टॅगवर, दोन्ही पाच सेंटीमीटर. जोड यापेक्षा लांब केली तर टॅग निघत नाही, पट्ट्यासकट मूल ओढलं जातं आणि पडतं. चार-सहा सत्रांनी काटेरी बाजूत आपली काळी धूळ बसते आणि टॅग धावताना आपोआप गळायला लागतात. जुन्या टूथब्रशनं ती झाडली की पुन्हा धरतात. दोन रंगांचे पंधरा-पंधरा केलेत तर वेगळ्या जर्सी लागत नाहीत.

शर्ट आत खोचलेला हवा, पट्टा त्याच्या वर. चड्डीला खिसे नकोत, टॅग खेचणाऱ्याचं बोट खिशात अडकून मुरगळतं. बूट साधे कॅनव्हासचे चालतात. खिळ्यांचे अजिबात नकोत.

याशिवाय बसके कोन ४०, शिट्ट्या ३, मोजपट्टी एक.

घोटापकड
टॅकलबद्दल माझं मत वेगळं आहे. नऊ-दहा वर्षांच्या कबड्डी खेळणाऱ्या पोरांना घोटा आणि ढोपर धरणं येतंच. त्यांना नुसतं टॅग खेळवलं तर महिन्यात कंटाळतील. दिवाळीनंतर त्यांच्यापुरती पकड सुरू करायला हरकत नसावी.

ओव्हल
घोटापकड, कबड्डीच्या मुलांना पकड येते हे खरं, पण अडचण नेमकी तिथेच आहे. कबड्डीत बचावपटू दबा धरून बसतो, चढाईचा गडी तुलनेनं हळू असतो आणि बाकीचे मदतीला धावतात. रग्बीत समोरचा पूर्ण वेगानं येतो आणि पकडणारा बहुतेक वेळा एकटा. घोटा धरायला समोरून वाकलं की डोकं थेट धावणाऱ्याच्या गुडघ्यापुढे जातं. रग्बीच्या पकडीत आधी खांदा लागतो, डोकं धावणाऱ्याच्या अंगाच्या बाजूला किंवा मागे राहतं, गाल त्याच्या कुल्ल्याला टेकतो आणि दोन्ही हातांचा विळखा बसतो. कबड्डीची सवय पक्की असलेल्या मुलाला हे उलट जास्त सावकाश शिकवावं लागतं.

इंग्लंडमध्येसुद्धा सात आणि आठ वर्षांखालचे गट फक्त टॅग खेळतात. पकड नऊ वर्षांखालच्या गटापासून येते आणि स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांनी वाकून एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटणं, त्याच्याही नंतर. तिथली मैदानं गवताची आहेत. आपली काळी माती ऑक्टोबरनंतर दगडासारखी होते, भेगा पडतात. अशा जमिनीवर दोन मुलं एकत्र कोसळू नयेत, म्हणून पहिलं वर्ष पूर्ण टॅग ठेवा. पुढच्या वर्षी मोठ्या गटाला कुस्तीच्या गादीवर, गुडघ्यावर बसून, मग उभं राहून, मग चालत, या क्रमानं शिकवा. तेव्हा दातांचं रक्षक लागेल. दुधाचे दात पडत असतात, त्यामुळे मागच्या वर्षीचं बसत नाही, दर हंगामाला नवं घ्यावं लागतं.

कंटाळ्याचं म्हणाल तर टॅगमध्ये बगल देऊन निसटण्याची जी मजा आहे ती कबड्डीवाल्यांना सगळ्यात आधी कळते.

जुळेसोलापूरकर
पटलं. टॅगच ठेवतो. आता एका सत्रात नक्की काय घ्यायचं? फुटबॉलमध्ये येतो तसाच प्रश्न इथेही येणार, चेंडूभोवती सगळी पोरं गोळा होणार.

ओव्हल
लहान गटाला ५० मिनिटं, मोठ्याला ६०. यातली निम्मी सामन्याला द्या. लहान मुलांना रांगेत उभं करून आळीपाळीनं झेल देणं हा वेळेचा अपव्यय आहे.

पहिली दहा मिनिटं शेपूटपकड. चेंडू नाही, सगळ्यांना टॅग, १० बाय १० मीटरच्या चौकोनात प्रत्येकानं इतरांचे खेचायचे. मान वर ठेवून धावणं आणि वाकून कुशीवर नजर ठेवणं इथेच येतं. खो-खोची मुलं इथे सूर मारतात, ते पहिल्याच दिवशी बंद करा. टॅग पायांवर उभं राहूनच खेचायचा.

मग दहा-पंधरा मिनिटं पास. बोटं फाकवलेली, चेंडू दोन्ही हातांत, नजर घेणाऱ्याकडे, हात अंगावरून आडवे जातात आणि शेवटी बोटं त्याच्याकडे रोखलेली राहतात. घेणाऱ्यानं हात आधीच पुढे धरायचे. चौघांची ओळ चालत-चालत पुढे न्या आणि चेंडू या टोकापासून त्या टोकाला. आपल्या मुलांच्या अंगात क्रिकेटची फेक असते, त्यामुळे चेंडू खांद्यावरून आणि पुढे जातो. पुढच्या दिशेनं दिलेला पास चूक, हे तोंडी सांगून कळत नाही. ओळीतल्या प्रत्येकाला चेंडूवाल्यापेक्षा दोन पावलं मागे ठेवा, मग पास आपोआप मागे जातो.

घोळक्याचं कारण हेच, की मदतीला येणारा चेंडूच्या शेजारी किंवा पुढे पळतो. मैदानाचा पट्टा रुंदीत तीन भागांत विभागा आणि एका भागात एका संघाचे दोनच जण असा तात्पुरता नियम लावा. दोन-तीन आठवड्यांत रुंदी वापरण्याची सवय लागते, मग नियम काढून टाका. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आडवं पळणं. मैदानाचा पट्टा अरुंद केला की पुढे जाण्यावाचून पर्याय उरत नाही.

सामन्याचे नियम थोडकेच ठेवा. टॅग खेचणाऱ्यानं तो उंच धरून ‘टॅग!’ ओरडायचं, चेंडूवाल्यानं तीन पावलांत पास द्यायचा. मग टॅग परत हातात द्यायचा आणि तो लावून झाल्यावरच दोघांनी खेळात यायचं. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण मुलं टॅग जमिनीवर फेकून पुढे पळतात. फेकला तर चेंडू समोरच्या संघाला, एवढा एक नियम कडक पाळा. लाथ नाही, धक्का नाही, हातानं समोरच्याचा हात झटकणं नाही, टॅग झाकणं नाही. चेंडू घेऊन जमिनीवर पडलं तर तो समोरच्या संघाला मोकळ्या पाससाठी आणि बचावाचे सात मीटर मागे. मोठ्या गटात सहा टॅग झाले की चेंडू बदलतो, लहानांना ही मोजणी लावू नका.

हाका चार-पाचच ठरवा: टॅग, मागे, डावा, उजवा. आपल्याकडे कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या कन्नड, कोणाच्या उर्दू. शब्द रोज तेच राहिले तर सगळ्यांना चटकन कळतात.

पट्टीबोळा
टॅगमध्येही डोक्याला डोकं आपटतं. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेचं सूत्र आहे, ओळखा आणि बाहेर काढा. डोकं दुखणं, मळमळ, तोल जाणं, बावरल्यासारखं वागणं, नेहमीपेक्षा चिडचिड, यातलं एकही दिसलं तर मूल त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, ‘बरं वाटतंय’ म्हणालं तरी. त्याला एकटं घरी सोडू नका, पालकांना बोलवा, डॉक्टरांना दाखवा. परत कधी यायचं ते डॉक्टर सांगतील. बेशुद्धी, उलट्या किंवा मान दुखणं असेल तर थेट रुग्णालय. मानेची शंका असल्यास हलवू नका. प्रत्येक मुलाच्या पालकाचा फोन आणि दमा वगैरेची माहिती कागदावर लिहून पिशवीत ठेवा.

पाण्यासाठी दर पंधरा मिनिटांनी थांबा. खेळानंतर केळं किंवा शेंगदाणा-गुळाचा लाडू.

जुळेसोलापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. नवारीचे पट्टे उद्याच टाकतो शिवायला. शेवटचं एक, पाऊस पडून गेल्यावर त्याच दिवशी खेळवावं की नाही, हे कसं ठरवायचं?

मैदानकर
तीन ठिकाणी टाच जोरात दाबून बघा. खड्ड्यात पाणी वर आलं किंवा बुटाला मातीचा लोंदा चिकटून आला तर रद्द. लोंदा चिकटलेल्या बुटानं मुलं घसरतात, आणि तुडवलेली माती वाळली की खुरांसारखे खड्डे कडक होऊन बसतात. पुढचे आठ दिवस घोटे मुरगळतात ते त्यांच्यामुळे. निर्णय चार वाजेपर्यंत पालकांच्या ग्रुपवर टाकत जा.