मोजमापात ‘अचूक’ आणि ‘काटेकोर’ वेगळे ठेवा

सूतभर: माप खऱ्या मापाजवळ असणं आणि पुन्हा मोजलं तरी तेच येणं, या दोन्हींना आपण सरसकट ‘अचूक’ म्हणतो. मला ते पटत नाही. पहिलं अचूक, दुसरं काटेकोर. २५ मिमीचा स्लिप गेज (नेमक्या मापाचा ठोकळा) मायक्रोमीटरने (स्क्रूवर चालणाऱ्या बारीक मापाच्या साधनाने) पाचदा मोजला आणि २५.०३, २५.०३, २५.०४, २५.०३, २५.०३ आलं, तर माप काटेकोर आहे, अचूक मुळीच नाही. जबडे मिटून शून्य तपासा, बहुधा तिथेच +०.०३ दिसेल. ते प्रत्येक मापातून वजा करायचं. सरासरीने हा दोष जात नाही.

गेजवाला: साफ असहमत. काटेकोर असतं ते नियोजन, पथ्य, नियमांचं पालन. शिवाय आयएसओ ५७२५ हे मोजमापाचं आंतरराष्ट्रीय मानक अचूकतेत दोन्ही गुण धरतं. मग ‘अचूक’ व्यापकच राहू द्या. दुसऱ्या गुणाला ‘एकसारखेपणा’ म्हणा. शॉपफ्लोअरवर तर सरळ विचारतात, “माप रिपीट होतंय का?”

सूतभर: व्यापक ठेवलं की दोष कुठला ते कळत नाही, आणि उपाय तर वेगवेगळे आहेत. मापं विखुरली तर शून्य बघून काय उपयोग? रॅचेट (ठरावीक दाबानंतर सटकणारी टोकाची मूठ) न वापरता थिंबल (फिरवायची नळी) आवळलंय का, जॉबला म्हणजे मोजायच्या नगाला बर (कापल्यावर कडेला राहिलेली धार) किंवा तेल आहे का, मायक्रोमीटर तिरका धरलाय का, ते बघावं लागतं. तपासणी तक्त्यात दोन रकाने करा: सरासरी आणि खरं माप यांतला फरक, आणि सर्वांत मोठं वजा सर्वांत लहान माप.

थंड_जॉब: रकाने हवेतच, पण तापमानही लिहा. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. १०० मिमी व्यासाचा पोलादी जॉब लेथवरून ४० अंशांवर उतरला तर सुमारे ०.०२३ मिमी मोठा भरतो. गरम असतानाच ड्रॉइंगच्या मापाला आणला की थंड झाल्यावर तेवढाच कमी पडतो. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ±०.०२ मिमी असेल तर जॉब रिजेक्ट! मापं मात्र दर वेळी तीच आली होती. म्हणून या बाबतीत मी सूतभर यांच्या बाजूने.

गेजवाला: दोन रकाने मान्य. ‘काटेकोर’ला विरोध कायम. काटेकोर म्हटलं की वाचणाऱ्याला माप बरोबरच वाटतं, आणि तीच तर टाळायची चूक आहे.

सूतभर: आणि ‘एकसारखेपणा’ म्हटलं की शंभर नग सारखे निघाले असं वाटतं. इथे प्रश्न एकाच नगाच्या पाच मापांचा आहे.