मदत हवी आहे: ८ इंची आरशाला नवा मुलामा द्यावा की अजून थांबावं?

नमस्कार. माझी ८ इंची, एफ/६ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या सहापट) न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण आहे. मुख्य आरसा बाबांनी आणि मी मिळून हाताने घासलेला. त्यावरचा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा अकरा वर्षांचा झालाय, वर सिलिकॉन मोनॉक्साइडचं कवच आहे.

परवा अंधाऱ्या खोलीत आरशामागे टॉर्च धरला. बारीक छिद्रं बरीच दिसली, पण त्यातून वाया जाणारा प्रकाश नगण्य असतो. मन खातंय ते कडेजवळच्या डागामुळे. अंगठ्याएवढा, दुधाळ, तिरप्या उजेडात त्याची कड जांभळट दिसते. चंद्राजवळचं आकाश हल्ली पांढुरकं वाटतं तेही यामुळेच का?

धुऊन पाहिलं. आधी नुसती पाण्याची धार, मग लिक्विड सोपचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवलेला कापूस, अजिबात न दाबता, त्याच्याच वजनाने ओढला. प्रत्येक वेळी नवा बोळा. शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतून आरसा उभा ठेवला. धूळ गेली, डाग तसाच.

नवा मुलामा द्यायचा तर जुना काढावा लागणार आणि तिथेच हात थरथरतो. मुलामा जेमतेम ०.१ मायक्रॉनचा, तो परत चढवता येतो. पण काचेचा पॅराबोला (आरशाचा खोलगट आकार) परावर्तित प्रकाशाच्या पाव तरंगलांबीच्या आत आणायला आमचे सात महिने गेले. पाव तरंगलांबी म्हणजे पृष्ठभागावर सुमारे ७० नॅनोमीटरची चूक, बस. बाबा आता नाहीत, तो आकार पुन्हा साधणार नाही. कॉस्टिक सोडा वापरावा की फेरिक क्लोराइड? कुणी स्वतः केलंय का?

प्रतिसाद:
कॉस्टिक सोडा नकोच, तो काचेलाही खातो. फेरिक क्लोराइड अ‍ॅल्युमिनियम विरघळवतं, काचेला धक्का लावत नाही. कवच असल्यामुळे वेळ लागेल, द्रावण त्या छिद्रांतूनच आत शिरतं. खरवडायचा मोह टाळा, भिजू द्या. हातमोजे घाला, डाग पडतात. आधी मुलामा देणाऱ्यांना विचारा, बरेच जण जुना थर स्वतःच काढतात.

पण घाई आहे का? तुमचा डाग म्हणजे आरशाचा जेमतेम १ टक्का. डागाच्या कडेचा फोटो काढून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी परत काढा. पसरत असेल तर नवा मुलामा द्या, आणि दुय्यम आरसाही (नळीतला छोटा तिरपा आरसा) सोबतच पाठवा. चंद्राजवळच्या पांढुरकेपणासाठी आधी तोच तपासा, आणि आयपीसही (डोळा लावायचं भिंग).