‘द्विअणू’ हे विशेषण मूलद्रव्याचे की रेणूचे?

प्रश्न (मिरज):
माझी भाची सांगलीत मराठी माध्यमातून शिकते आणि स्पर्धा परीक्षेसाठी हिंदी पुस्तकही वाचते. आपला अणू तिथे ‘परमाणु’ होतो आणि आपल्या रेणूला ‘अणु’ म्हणतात, त्यामुळे ‘द्विपरमाणुक अणु’ (म्हणजे दोन अणूंचा रेणू) वाचून तिचा गोंधळ उडाला. मराठीत ‘द्विअणू मूलद्रव्ये’ असे लिहावे का, आणि अशी मूलद्रव्ये कोणती?

उत्तर (सातारा):
हा शब्दप्रयोग समजतो, पण काटेकोर लिहायचे तर ‘द्विअणू’ हे विशेषण रेणूलाच लावावे, असे माझे ठाम मत आहे. ऑक्सिजनच्याच दोन अणूंचा रेणू आपण श्वासावाटे घेतो आणि तीन अणूंचा रेणू म्हणजे ओझोन. मूलद्रव्यालाच द्विअणू म्हटले, तर या ओझोनला जागा उरत नाही. म्हणून ‘सामान्य तापमानाला ज्यांचे रेणू द्विअणू असतात अशी मूलद्रव्ये’ असे लिहावे. ती सात आहेत: हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन. यांपैकी ब्रोमीन द्रव आणि आयोडीन स्थायू आहे, तेव्हा द्विअणू म्हणजे वायूच असे मुलांनी धरून चालू नये.

तापमानाची अट शोभेची नाही. आपल्या भागातील साखर कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी जे गंधक जाळतात, त्याच्या रेणूत आठ अणूंचे कडे असते. मात्र अतितप्त बाष्पात त्याचेही द्विअणू रेणू आढळतात. फॉस्फरसचे चार अणूंचे रेणूही सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे फुटून द्विअणू होऊ लागतात.

पुरवणी (कराड):
वरील मताशी सहमत आहे. हायड्रोजन क्लोराइडचा रेणूही द्विअणू असतो, पण ते संयुग आहे; म्हणून नुसत्या ‘द्विअणू’ शब्दावरून मूलद्रव्य असल्याचे ठरत नाही. याच संयुगाचा हिशेब मुलांना अवश्य दाखवावा. एक आकारमान हायड्रोजन आणि एक आकारमान क्लोरीन यांच्यापासून दोन आकारमाने हायड्रोजन क्लोराइड मिळतो, आणि समान तापमान व दाबाला समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते. अर्थात दोन्ही वायूंच्या प्रत्येक रेणूचे दोन भाग व्हायलाच हवेत. इटालियन शास्त्रज्ञ अॅव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये ही दिशा दाखवली, परंतु एकाच प्रकारचे अणू परस्परांना जोडले जातात हे अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टन यांना मान्य नव्हते, आणि १८६०मध्ये जर्मनीतील कार्लस्रुए येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत इटालियन रसायनशास्त्रज्ञ कॅनिझारो यांनी तो विचार पुन्हा मांडल्यानंतरच रसायनशास्त्रज्ञ त्याकडे वळू लागले.