टँकरच्या पाण्यावर मोसंबी कशी जगवावी?

प्रश्न (अंबड, जि. जालना)
मोसंबीची २०० झाडं, वय ८ वर्षं, अंतर ६ बाय ६ मीटर, जमीन मध्यम काळी. विहीर आटली. दर तीन दिवसांनी १०,००० लिटरचा एक टँकर मिळतो. झाडाला ताशी ४ लिटरचे चार ड्रिपर आहेत. आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलांची) लिंबाएवढी फळं लागलीत. पाणी रोज थोडं द्यावं की एकदम?

उत्तर १
आधी फळं उतरवा, सगळी. जिवावर येतं, पण हिशोब बघा. झाडाच्या छत्रीचा, म्हणजे फांद्यांच्या पसाऱ्याचा, व्यास ४ मीटर धरला तर सावली साडेबारा चौरस मीटर. मे महिन्यातलं रोजचं बाष्पीभवन १० मि.मी. आणि बाष्पपात्राचा व पिकाचा असे दोन्ही गुणांक ०.७ धरले तर झाडाला रोज साधारण ६० लिटर लागतं. तुमच्या वाट्याला १७ येतं. त्यात झाड तगेल, फळ पोसणार नाही.

पाणी एकदमच द्या, तीन दिवसांतून एकदा झाडामागे ५० लिटर. रोज १७ लिटर दिलं तर वरवरची मातीच भिजते आणि ती ओल उन्हात उडून जाते. चारही ड्रिपर रात्री तीन तास चालवा. सकाळी ड्रिपरशेजारी फूटभर उकरून तळची माती मुठीत दाबा. लाडू वळला तर ओल पोचली. मुरमाड रान असतं तर हेच पाणी दोन हप्त्यांत द्यावं लागलं असतं, कारण ते मुळांखाली निघून जातं.

उत्तर २
ड्रिपर खोडाला चिकटून असतील तर तीन फूट बाहेर सरकवा. पाणी पिणारी बारीक मुळं तिकडे असतात, आणि खोडाशी ओल राहिली की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो.

टँकरच्या पाण्यात गाळ असतो. फिल्टर दर वेळी धुवा. ड्रिपरखाली पेला ठेवून तीन मिनिटं मोजा, २०० मि.ली. भरलं पाहिजे. कमी भरलं तर लॅटरलचं (ड्रिपर बसवलेल्या नळीचं) टोक उघडून गाळ काढा, पण ते पाणी बादलीत धरून झाडालाच घाला.

पाणी दिल्यावर लगेच उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं कुटार चार-पाच इंच पसरा, लॅटरल त्याच्याखाली. कोरड्या मातीवर पसरलं तर पुढचं पाणी पाचटच पिऊन टाकतं. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. वाळवीवर लक्ष असू द्या.

प्रश्नकर्ता
फळं उद्याच उतरवतो. छाटणी करू का?

उत्तर ३
वाळलेल्या फांद्या आणि पाणसोट (सरळ वर वाढणारे, फळ न देणारे जोमदार फुटवे) तेवढे काढा. जड छाटणी केलीत तर खोड उघडं पडून साल करपते. खोडाला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी भांडं चालत नाही.

पानांवर केओलिन (ऊन परतवणारी पांढरी माती) ८ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्याला ८०० ग्रॅम, दर १५ दिवसांनी फवारा. ते तळाशी बसतं, म्हणून पंप सारखा हलवत राहा, नाहीतर नोझल तुंबतो. युरिया आत्ता अजिबात नको. कोवळी पालवी फुटली की पाण्याची मागणी वाढते.