आवड नाही म्हणे!

तिरकस: 'घरात शिक्षणाचं वातावरण नसलेल्या मुलांना आयुष्यभर शिकत राहण्याच्या कौशल्यांत रसच नसतो' असं काल एकांनी ठोकून दिलं. रस नसतो की सवड नसते? माझ्या वर्गात रात्रपाळी करून येणारी एक मुलगी होती. चिंतनवहीत, म्हणजे आठवड्यात काय शिकलो ते लिहायच्या वहीत, तिनं लिहिलं, 'या आठवड्यात झोप राहिली.' त्यावर लाल शाईत शेरा: 'विचारांत खोली नाही.' तीच मुलगी कामावरच्या यंत्राचं माहितीपत्रक वाचून दुरुस्ती शिकली होती. त्याला गुण शून्य!

खडूस_मास्तर: ते 'एकजण' म्हणजे मीच. अपवाद सांगून नियम मोडत नाही. हार्वर्ड-एमआयटीच्या मोफत ऑनलाइन कोर्सेसवरचा अभ्यास 2015 साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आला. किशोरवयीनांत शिकलेल्या आईबापांचीच मुलं जास्त नाव घालतात आणि कोर्स पुराही करतात. सगळं फुकट होतं. मग अडलं कुठं?

तिरकस: फी फुकट होती. वेळ कुणी फुकट वाटला? आणि 'हे करून पुढे काही हाती लागेल' हा भरवसाही घरातूनच येतो. मार्शमेलोचा प्रयोग आठवतोय ना? समोरची मिठाई लगेच न खाता थांबलं तर आणखी एक मिळणार, तो. थांबणारी पोरं पुढे चमकतात म्हणे. 2018 मध्ये 900हून जास्त मुलांवर पडताळलं, घरची परिस्थिती हिशेबात धरली आणि तो संबंध बराचसा विरघळला.

मागचा_बाक: ते मार्शमेलो खा तुम्ही. 'सहकार्य कौशल्य' म्हणून जो गटप्रकल्प गळ्यात मारतात त्याचं बोला! चौघांचं काम मी एकट्यानं ओढलं. सादरीकरणाला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून वेगळाच उभा.

बडबडी: +1. आमच्याकडे तर एकीनं फक्त मुखपृष्ठाचा रंग निवडला. गुण सारखे.

खडूस_मास्तर: म्हणून मी परस्पर-मूल्यमापन ठेवतो.

मागचा_बाक: हो, आणि सगळे एकमेकांना दहापैकी दहा देतात! कुठल्या जगात शिकवता?

तिरकस: मूळ विषय गेला खड्ड्यात. पण तो इस्त्रीवाला बोलायला का धजतो? घरी जेवताना मोठ्यांशी वाद घालायची मुभा असते म्हणून. तुम्ही त्यालाच 'संवादकौशल्याची आवड' म्हणता.

मागचा_बाक: चूक. आमच्या घरी ब्र काढायची सोय नव्हती, तरी मी बोलतोच की.

बडबडी: ते दिसतंय.

खडूस_मास्तर: बरं बाई, 'रस नसतो' ऐवजी 'रस दाखवता येत नाही' लिहितो. झालं समाधान? चिंतनवही मात्र बंद होणार नाही.

तिरकस: नका करू. लाल पेन तेवढं बंद करा.