मदत हवी आहे: तुरटी फिरवूनही पाणी निवळत नाही

पाणवठा
रोज तुरटी फिरवतोय, पाणी लाल ते लालच. परवा घरी सत्यनारायण, पाहुणे येणार. तुरटीच बनावट आहे का? लवकर सांगा.

सुलूताई
गाव कुठलं? विहीर की बोअर? तुरटी किती, पाणी किती?

शेवगाप्रेमी
तुरटी सोडा. शेवग्याच्या सुक्या बिया सोलून कुटा, पाण्यात कालवून गाळा, ते पाणी ओता. गाळ बसतो.

बोअरवाला
आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, फार होता. आरओ बसवा, विषय संपला.

सुलूताई
अहो, क्षारांचं विचारलंय कुणी? क्षार तुरटीने जातही नाहीत. आणि शेवगादादा, टाकीभर पाण्याला बिया कधी कुटायच्या त्यांनी?

पाणवठा
सावंतवाडीजवळ. विहीर, जांभ्यातली. हजार लिटरची टाकी, खडा दोरीला बांधून सोडलाय.

निवृत्त_रसायन
मग तुरटी खरीच असणार. ती विरघळली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके होतात, माती त्यांत अडकून खाली बसते. पण हे होताना पाणी आम्ल होत जातं. जांभ्यातलं पाणी बहुधा आधीच मऊ, आम्लाकडे झुकलेलं, त्यामुळे पुंजके धरत नाहीत. अल्कली, म्हणजे आम्ल मारणारं काही, इथे चुना, द्यावी लागेल. आधी दोन बादल्यांत करून बघा: १० लिटरला अर्धा ग्रॅम तुरटी पूड, आणि एकीत आधी अर्धा कप (७५ मिली) चुन्याची निवळी. मिनिटभर जोरात ढवळा, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू, मग हात लावू नका.

शेवगाप्रेमी
पिण्याच्या पाण्यात चुना? शेवग्याने पाणी आम्ल होत नाही, तेवढं तरी माना.

निवृत्त_रसायन
ते मान्य. पण बियांचा अंश राहिला तर साठवलेलं पाणी लवकर वास मारतं. चुना जलशुद्धीकरण केंद्रांतही वापरतात.

गुळगुळीत
दाढीनंतर लावतो तीच का ही तुरटी?

सुलूताई
खडा तोच, पोटॅशियमवाला. केंद्रात बहुतेक ॲल्युमिनियम सल्फेट असतं.

पाणवठा
चुन्याच्या बादलीत पुंजके आले, संध्याकाळी साका तळाला! दुसरी तशीच लाल. आता टाकीला किती?

निवृत्त_रसायन
५० ग्रॅम तुरटी, साडेसात लिटर निवळी. आधी निवळी, मग तुरटी विरघळवून. रात्रभर राहू द्या, वरचं पाणी काढून घ्या, साका ढवळू नका. तुरटीच्या भरवशावर जंतू सोडू नका. तीर्थाचं आणि पिण्याचं पाणी उकळा, नाहीतर निवळल्यावर मेडिक्लोर (क्लोरीनचं औषध) टाका. गढुळात टाकलं तर बरंचसं क्लोरीन गाळच खातो.