अहवाल आला पण रोग कळलाच नाही. आता काय करू? (तातडीचं)

आडरान: दोन मेल्या, तिसरी त्याच वाटेवर आहे. आठवडाभर वाट बघून आज लॅबचा अहवाल आला, तर त्यात एकच ओळ : "ऊतक कुजलेले, निदान शक्य नाही." दुसऱ्या लॅबला पाठवू की सरळ औषध चालू करू? कोणतं? लवकर सांगा.

सूक्ष्मदर्शी: कोणतं जनावर? वय काय? मरण्याआधी काय लक्षणं होती? कोणता अवयव पाठवला आणि कशात घालून?

आडरान: शेळ्या. तीन-चार वर्षांच्या, व्यालेल्या. कशाने मेल्या तेच तर विचारतोय. लिव्हरचा तुकडा पाठवला, काळपट दिसत होता म्हणून.

जंतमुक्त: जंत आहेत, दुसरं काही नाही. माझ्या कळपात हेच झालं होतं. सगळ्यांना जंतनाशक पाजा, पंधरा दिवसांनी पुन्हा पाजा.

गोठ्यातली माणूस: न तपासता पाजत राहिलं की जंत औषधाला दाद देईनासे होतात. आमचं एक औषध असंच कायमचं वाया गेलं. @आडरान, आधी तिसरीची खालची पापणी उलटून बघा. आतला भाग लालबुंद आहे की कागदासारखा पांढरा? जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आहे का?

जंतमुक्त: पापणी बघून रोग कळत असता तर लॅब कशाला लागल्या असत्या?

गोठ्यातली माणूस: सगळे रोग कळत नाहीत, पण रक्त पिणारा जंत कळतो. दक्षिण आफ्रिकेत त्यासाठीच फामाचा तक्ता बनला, १ म्हणजे लाल आणि ५ म्हणजे पांढरं. पापणी लाल असेल तर तुमचं जंताचं म्हणणं बरंच लंगडं पडतं.

कृष्णविवर: एकदम मेलेली शेळी उघडलीत कशी? काळपुळी (अँथ्रॅक्स) असती तर? नाकातोंडातून न गोठलेलं रक्त येत असेल तर शव उघडायचंच नसतं. हवा लागली की जंतूंचे बीजाणू होतात आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. तिथे कानाच्या शिरेतल्या रक्ताची काचपट्टी पुरते.

आडरान: एकदम कुठे म्हणालो? दोन-अडीच महिने झिजत होत्या. चरायच्या, रवंथ करायच्या, तरी पाठीचा कणा वर आला. पापणी आत्ता बघितली, गुलाबी आहे. सूज नाही. ताप नाही, १०२ आहे.

सूक्ष्मदर्शी: दोन-अडीच महिने! हे पहिल्याच ओळीत हवं होतं. हगवण?

आडरान: नाही. लेंड्या जरा मऊ, एकमेकींना चिकटलेल्या. बस्स.

वाघ्याची आई: मध्येच विचारते, माझ्या कुत्र्याच्या मांडीवर गाठ आलीय. तुकडा काढायला लावू का?

सूक्ष्मदर्शी: आधी बारीक सुईने पेशी काढून बघतात, बऱ्याचदा भूलही लागत नाही. गाठ दाबत, चोळत बसू नका. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे शेळी मरतेय.

निवृत्त पशुवैद्य: आडरानराव, दोन प्रश्न. शेळी मेल्यावर किती वेळाने उघडली? आणि तुकडा लॅबला जाईपर्यंत कुठे होता?

आडरान: रात्री कधीतरी मेली, सकाळी दहाला उघडली. सुट्टी होती म्हणून फ्रीझरमध्ये ठेवला, दोन दिवसांनी फॉर्मॅलिनच्या बाटलीत कोंबून पाठवला. मुठीएवढा होता.

निवृत्त पशुवैद्य: मग लॅबला दोष देऊ नका. रात्रभर पडलेल्या शवात पेशी आपल्याच रसांनी विरघळतात. त्यात गोठवलं की बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. आणि फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. मुठीएवढ्या गोळ्याची साल टिकते, गाभा सडतो. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको. द्रावण तुकड्याच्या दहापट, बाटली रुंद तोंडाची. हे मी कित्येक वर्षं ओरडून सांगतोय, तरी अरुंद बाटलीत कोंबलेलं लिव्हर यायचं ते येतंच.

आणि लिव्हर कशाला? खाऊनपिऊन झिजणारी शेळी म्हटलं की मला आधी जोन्स आठवतो, म्हणजे जंतूंमुळे होणारा आतड्याचा जुनाट रोग. गाईला त्यात पिचकारीसारखी हगवण लागते, शेळीला बहुतेक वेळा लागत नाही, तिथेच माणूस फसतो. त्याचा पुरावा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि आतड्याच्या पडद्यातल्या गाठींत असतो. आतडं वरून ठीक दिसलं तरी पाठवायचं.

कृष्णविवर: पोटातल्या गळवांनीही शेळी अशीच झिजते. खांद्यापुढच्या गाठी चाचपल्या का?

निवृत्त पशुवैद्य: बरोबर, तेही बघायला हवं. दातही बघा. हात लावायच्या आधी औषध नको.

हिरवा चारा: पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची) लस दिली होती का? मी दर तीन वर्षांनी देतो.

गोठ्यातली माणूस: पीपीआरमध्ये ताप असतो, तोंड येतं, हगवण लागते. इथे यातलं काहीच नाही.

आडरान (तीन दिवसांनी): तिसरी आज पहाटे गेली. डॉक्टर जवळच होते, तासाभरात उघडली. बाहेरच्या गाठी, दात ठीक. आतड्याचा शेवटचा हातभर भाग चिमटीत धरला तर ओल्या घोंगडीसारखा जाड लागला. एरवी बोटं एकमेकांना जाणवतात, इथे जाणवेनात. पडद्यातल्या गाठी सुपारीएवढ्या, एक कापली तर आत खडूसारखी करकर. आतडं उघडून, न खरवडता, बारीक पट्ट्या फॉर्मॅलिनमध्ये टाकल्या. वेगळा तुकडा फॉर्मॅलिनशिवाय बर्फावर. आतल्या अस्तराची काचपट्टी डॉक्टर घेऊन गेले. संध्याकाळी फोन आला : रंग दिल्यावर दांड्यांसारख्या जंतूंचे लाल पुंजके दिसताहेत.

निवृत्त पशुवैद्य: मग जवळपास जोन्सच. तरी ऊतकाचा अहवाल आणि पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) येऊ द्या, गाठींत क्षयासारखंच दिसू शकतं. बरं करणारं औषध नाही, त्यावर पैसे घालवू नका. बाकी कळपाची रक्त आणि लेंड्यांची तपासणी करा. एकदा निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं समजू नका. लागण बहुतेक करडूपणीच होते, लेंड्या लागलेल्या सडातून, चिकातून, दुधातून. तिची करडं कुठे आहेत?

आडरान: दोन आहेत. तिच्याच कप्प्यात, बाकीच्या करडांबरोबर. आत्ता हलवतो.